लष्कराच्या भाकऱ्या, पण पीठ कुणाचं?

खेड्यात येरवड्याचं नाव निघालं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक तुरुंग आणि दुसरं मनोरुग्णालय. पोरगं वांड निघालं तर घरातली म्हातारी अजूनही म्हणते, "जाशील एक दिवस येरवड्याला खडी फोडायला." पण याच येरवड्यात तिसरी एक जागा आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष सहसा जात नाही. बंडगार्डनच्या बाजूने मुळा-मुठा ओलांडून पलीकडे गेलं की झाडीत एक जुनी दगडी इमारत लागते. ते डेक्कन कॉलेज. आजचा लेख त्या कॉलेजात जमलेल्या दोन दोस्तांच्या एका बेतावर आहे, आणि त्या बेतातून आपल्या गावाने काय घ्यायचं यावर आहे.

तुम्ही म्हणाल, खत-बियाणं, कीड-रोग सोडून हा विस्तार अधिकारी आज कॉलेजाच्या गोष्टी कशाला सांगायला लागला? कारण असं, की गावोगाव फिरताना एक तक्रार मी नेहमी ऐकतो. शाळेसाठी, शेतकरी गटासाठी, शिक्षक मंडळाच्या शिबिरासाठी जाणकार माणसं आपणहून पुढे येतात. निवृत्त मास्तर असतात, जनावरांचे डॉक्टर असतात, शहरातली नोकरी संपवून गावी परतलेला एखादा इंजिनियर असतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला ही मंडळी तयार असतात. सुरुवात दणक्यात होते, नारळ फुटतो, फोटो निघतो. सहा महिने, वर्ष जातं आणि सगळं बंद पडतं. मग चावडीवर निष्कर्ष निघतो, "माणसं पहिल्यासारखी राहिली नाहीत."

हे मला पटत नाही. पहिल्यासारखी माणसं, म्हणजे अगदी टिळक-आगरकरांच्या तोलाची माणसं, याच कामाला लागली होती. त्यांच्यातही याच गोष्टीवरून भांडण झालं. फरक इतकाच, की त्यांनी नियम आधी लेखी केले होते, म्हणून भांडण झालं तरी संस्था टिकली.

पगार ७५ रुपये, मुदत २० वर्षे

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांची दोस्ती डेक्कन कॉलेजातली. साल साधारण १८७९. टिळक बी.ए. होऊन कायद्याचा अभ्यास करत होते, आगरकर एम.ए.च्या तयारीत होते. आगरकरांची घरची गरिबी इतकी, की अंगातला सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. एम.ए. झाल्यावर सरकारी नोकरी धरली असती तर घर वर आलं असतं. तसं न करता पोटापुरत्या पगारावर लोकांना शिकवण्यात जन्म घालवायचा, हे या दोघांनी कॉलेजातच ठरवलं. आगरकरांनी आईला तसं पत्र लिहून कळवलं, की मुलगा शिकला म्हणजे आता मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस. ते पत्र महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या कोणत्याही आईला ते वाचून काय वाटलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

पुण्यात १ जानेवारी १८८० ला विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. वामन शिवराम आपटे आले, एम.ए. होऊन आगरकर आले. शाळा चालली. मग २४ ऑक्टोबर १८८४ ला त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी ही संस्था स्थापन केली आणि २ जानेवारी १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं.

आता या संस्थेची घडण नीट बघा, कारण खरी मेख तिथे आहे. संस्थेला मालक नव्हता. शिकवणारेच तिचे सभासद आणि तेच तिचे चालक. देणगीदार होते, वर सल्लागार मंडळी होती, पण रोजचा गाडा ओढायचा तो आजीव सदस्यांनी. आजीव सदस्य व्हायचं तर २० वर्षं संस्थेची नोकरी करायची, महिना ७५ रुपये घ्यायचे. तेवढ्या शिकलेल्या माणसाला सरकारात याच्या कितीतरी पट मिळालं असतं. बदल्यात संस्थेने सदस्याचा आयुर्विमा उतरवायचा आणि मुदत पुरी झाल्यावर थोडं निवृत्तिवेतन द्यायचं.

म्हणजे हे अगदी फुकटचं काम नव्हतं, आणि धंदाही नव्हता. ज्ञानाची किंमत बाजारात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातली मोठी रक्कम सोडून द्यायची आणि संसारापुरती घ्यायची, असा तो व्यवहार होता. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट विम्याची वाटते. जो माणूस आपलं आयुष्य देतो त्याच्या मागे बायकापोरांचं काय, याचा विचार त्यांनी पहिल्या दिवशी केला होता. आपल्या गावात जाणकार माणसाला शाल-श्रीफळ देताना त्याच्या मोटारसायकलच्या पेट्रोलचा विचारसुद्धा होत नाही.

या व्यवस्थेने माणसं किती तोलाची ओढली ते पाहा. गोपाळ कृष्ण गोखले विशीत असतानाच इथे आले आणि मुदत पुरी करून १९०२ मध्ये निवृत्त झाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारी दरवाजे त्यांना उघडे होते. ते परत आले आणि ठरल्याप्रमाणे ७५ रुपयांवर फर्ग्युसनात रुजू झाले, १९०२ मध्ये प्राचार्य झाले. कोकणातल्या मुर्डी गावचं हे पोरगं.

भांडण कशावरून झालं

आता दुसरी बाजू. पाच-सहा वर्षांतच सभासदांत धुसफूस सुरू झाली. शाळेच्या पुस्तकात टिळक-आगरकरांचा वाद म्हणजे आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, एवढाच येतो. तो वाद होताच. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तो त्यातूनच. पण संस्थेच्या आत जो वाद पेटला तो आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पेटतो तसाच होता. पगार सगळ्यांना सारखाच असावा, की ज्याचा प्रपंच मोठा त्याला थोडा वाढवून द्यावा? बाहेरचं काम करावं का? केलं तर त्याचे पैसे स्वतःचे की संस्थेचे?

टिळकांचं म्हणणं कडक होतं. जेझुइट पाद्री जसे सगळं सोडून मिशनचं काम करतात, तसा आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा. बाहेर मिळकत झाली तर ती संस्थेत जमा करावी. पगारात डावं-उजवं नको. समोरच्या बाजूचं म्हणणं असं, की माणसाला संसार आहे, दुखणीखुपणी आहेत. फावल्या वेळात कोणी पुस्तक लिहिलं, सार्वजनिक काम केलं, तर त्यात संस्थेचं काय गेलं? १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि हा वाद टोकाला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. जी संस्था उभारण्यात दहा वर्षं घातली, तिच्यातून ते बाहेर पडले. राजीनाम्याचं पत्र लांबलचक आहे आणि त्यात आपली तक्रार त्यांनी कलमवार मांडली आहे.

बरोबर कोण होतं? मी काही इतिहासकार नाही, पण रोज गटांच्या आणि सोसायट्यांच्या बैठकीत बसणारा माणूस म्हणून माझं मत सांगतो. नियम सगळ्यांना एकच असावा, हा टिळकांचा आग्रह बरोबर होता. एकाला सूट दिली की दुसरा मागतो आणि तिसरा गप्प राहून मनात धरतो. पण बाहेरचं काम सरसकट बंद करा, हे मला जड वाटतं. टिळक आणि आगरकर स्वतः शाळेत शिकवता शिकवता 'केसरी' आणि 'मराठा' चालवतच होते ना! बाहेरचं काम पैशासाठी आहे की लोकांसाठी, आणि ते उघड सांगून चाललंय की चोरून, एवढं पाहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं.

याला पुरावा त्याच संस्थेत आहे. टिळक गेल्यावर गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या ओळखीच्या एका गणित शिक्षकाला बोलावून घेतलं. १८९१ मध्ये ते फर्ग्युसनात आले, पुढे आजीव सदस्य झाले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. कॉलेजात गणित शिकवत असतानाच त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. तेव्हा हिंगणे म्हणजे रान. दिवसा कॉलेज करायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं आणि सकाळी परत. आश्रमासाठी लागणारं किडूकमिडूक सामानही बरोबर न्यायचं. यातून त्यांना दमडी मिळत नव्हती, उलट खिशातली जात होती. बाहेरच्या कामाला पूर्ण बंदी असती, तर हिंगण्याचा आश्रम झाला नसता, आणि १९१६ चं महिला विद्यापीठही झालं नसतं.

खेड्याकडे वळलेला गणिताचा मास्तर

पुण्याच्या या साऱ्या उद्योगात खेडं कुठे आहे, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते बरोबर आहे. महात्मा फुल्यांनी हा प्रश्न त्याच काळात विचारला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या वाट्याला जातो, हे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सुचवली. ती मला माझ्या खात्यामुळे फार महत्त्वाची वाटते. खेड्यातले शिक्षक शेतकरी वर्गातून आलेले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला त्यांना लाज वाटू नये. शाळेत शेतीचे धडे असावेत आणि त्यासाठी शाळेजवळ लहानसं नमुन्याचं शेत असावं. आज आपण परसबाग, शेतीशाळा, प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो. जोतीरावांनी ते १८८२ मध्ये लिहून दिलं होतं.

हे काम पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी अंगावर घेतलं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिचं बोधवाक्य आपल्यातल्या कित्येकांनी शाळेच्या भिंतीवर वाचलं असेल. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापक विद्यालय निघालं. आणि रयतमध्येही जन्मभर संस्थेला वाहून घेणाऱ्या लाइफ मेंबरांची पद्धत आली. म्हणजे पुण्यात रुजलेलं झाड साताऱ्याच्या मातीत लावलं गेलं, आणि तिथे त्याला वडासारख्या पारंब्या फुटल्या. फरक असा, की इथे लाइफ मेंबर रयतेच्या घरातून आले.

कर्व्यांचंही खेड्याशी नातं शेवटपर्यंत राहिलं. १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. जिल्हा लोकल बोर्डाची शाळा जिथे पोहोचली नव्हती अशा गावांत प्राथमिक शाळा काढायच्या, हा त्याचा उद्देश. विद्यापीठ काढून झालं होतं, सत्कार होऊन गेले होते. त्या वयात माणूस नातवंडं खेळवतो. हे गृहस्थ पहिलीचा वर्ग कुठे नाही ते शोधत होते.

माजी विद्यार्थीही सभासदच

परत येरवड्याला येऊ. डेक्कन कॉलेजचं पुढे काय झालं? सरकारने ते १९३४ मध्ये बंद केलं. कारण कोणतंही असो, कॉलेज बंद, वर्ग रिकामे. पण माजी विद्यार्थ्यांची संघटना होती. आपण शिकलो ती जागा अशी मोडू द्यायची नाही म्हणून तिने हे प्रकरण कोर्टात नेलं. कॉलेजची इमारत सर जमशेटजी जिजीभाईंच्या मोठ्या देणगीतून उभी राहिली होती. लोकांनी शिक्षणासाठी दिलेला पैसा शिक्षणासाठीच राहिला पाहिजे, असा तो झगडा होता. निकाल कॉलेजच्या बाजूने लागला आणि १७ ऑगस्ट १९३९ ला ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं.

त्यातून आपल्याला काय मिळालं ते ऐका. याच संस्थेच्या पुरातत्त्ववाल्यांनी १९६८ पासून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं सापडली, धान्याचे कण सापडले, आणि नदीचं पाणी वळवणारा पाटसुद्धा सापडला. म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला आपला शेतकरी पाटपाणी करायला इंग्रजांकडून शिकला नाही, एवढं तरी त्यावरून ठरलं. पाच वर्षं कुलूप लागलेल्या कॉलेजाच्या माजी विद्यार्थ्यांनी कोर्टकचेरी केली नसती, तर हे काम कुणी आणि कुठे बसून केलं असतं?

आपल्या गावातल्या शाळांचे माजी विद्यार्थी जमतात तेव्हा गेट-टुगेदर होतं, शाळेला पंखा किंवा कपाट भेट मिळतं. चांगलंच आहे. पण त्या बॅचमध्ये कोणी वकील असतो, कोणी ऑडिटर, कोणी नर्स, कोणी सर्व्हेअर. शाळेच्या जागेचा सातबारा अजून जुन्या नावावर आहे, आवाराची मोजणी नाही, अतिक्रमणाची तक्रार पडून आहे. अशा वेळी पंख्यापेक्षा त्या वकिलाचे चार दिवस जास्त किमतीचे असतात. ते आपण मागत नाही. मागायचं सुचत नाही म्हणा.

एसटीच्या तिकिटावर अडलेलं काम

आता आपल्या काळातलं, माझ्या पाहण्यातलं एक उदाहरण. गावाचं आणि मंडळाचं नाव सांगत नाही. एका तालुक्यातल्या शिक्षकांच्या मंडळाने ठरवलं, की विज्ञान विषयाचे एक निवृत्त सर दर शनिवारी तीन शाळांत जाऊन प्रयोग करून दाखवतील. सरांनी मानधन घ्यायला साफ नकार दिला. मुलं खूश, शिक्षक खूश. मी स्वतः त्यांच्याबरोबर दोनदा गेलो. माती परीक्षणाचा तास आम्ही मिळून घेतला. सहा महिन्यांनी मंडळाच्या सभेत कोणीतरी उठून विचारलं, "सरांच्या एसटीच्या तिकिटाचे आणि प्रयोगाच्या सामानाचे पैसे कोणत्या ठरावाने दिले?" ठराव नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हिशेब विचारणं हा सभासदाचा हक्क आहे. पण सरांच्या कानावर ते असं गेलं, की सर पैसे खातात. पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. बोलवायला गेलो तर चहा पाजला, शेतातलं बोलले, शाळेचं काही बोलले नाहीत.

हिशेब झाला असता तर तो पाच-सहाशे रुपयांचा झाला असता.

या मंडळात कोणी वाईट नव्हतं. पण काम किती दिवसांचं, खर्च कोणी द्यायचा, कोणाला विचारायचं, हे कागदावर नव्हतं. १८८४ च्या लोकांनी ७५ रुपये आणि २० वर्षं असे आकडे लिहून ठेवले होते. म्हणून टिळकांसारखा माणूस भांडून गेला तरी शाळा आणि कॉलेज बंद पडलं नाही. आगरकर १८९२ मध्ये प्राचार्य झाले, काम चालू राहिलं.

एक गोष्ट मला आणखी खटकते. 'फुकट' काम करणाऱ्याला आपण विचारायला लाजतो, की तुम्ही बाहेर काय करता? शेती सल्ला देणाऱ्या गावातल्या जाणकाराचं औषधाचं दुकान असेल तर तो सल्ला कितपत निर्मळ, हे शेतकऱ्याला कळायला हवं. दुकान असू नये असं माझं म्हणणं नाही. पण ते बैठकीत सांगितलेलं असावं. शाळेतल्या शिक्षकांच्या बाबतीत कायद्यानेच हे ठरवलं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमानुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. टिळक आणि आगरकर ज्या प्रश्नावर भांडले, त्याचा एक तुकडा सव्वाशे वर्षांनी कायद्यात आला म्हणायचा. आणि २७ वं कलम बघा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावायचं नाही. तेव्हा सरपंच-ग्रामसेवक मंडळींनो, गावातल्या शिक्षकाला प्रत्येक सर्व्हेला जुंपायचं आणि वर म्हणायचं, की मास्तर शाळेला वेळ देत नाहीत, हे बसत नाही.

तज्ज्ञाची ती एक खुर्ची

त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाने गावाच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सभासद पालक, एकूण सभासदांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. हे बहुतेकांना माहीत आहे. पण उरलेल्या चौथ्या हिश्श्यात स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी जागा असते, तिकडे कोणी बघत नाही. बऱ्याच गावांत ती जागा 'कोणाला तरी खूश करायचं' म्हणून भरली जाते. समितीत ज्याची वर्णी लागली नाही त्याला तिथे बसवतात. तो सहीपुरता येतो, कधी कधी तेवढाही येत नाही.

बंधूंनो, ही खुर्ची म्हणजे गावाला मिळालेला आजीव सदस्य आहे असं समजा, मुदत तेवढी कमी. शाळेच्या भिंतीबाहेरचं ज्ञान आत आणायला कायद्याने ठेवलेली ती वाट आहे. निवृत्त शिक्षिका असेल तर तिला बसवा. शिक्षकच पाहिजे असा हट्ट धरू नका. मुलांना शिकवण्याची हौस आणि हातोटी असलेला, आपल्या विषयातला जाणकार माणूस कोण, ते बघा.

शेतीच्या बाजूचं उदाहरण देतो, म्हणजे कल्पना येईल. माती परीक्षण सातवी-आठवीच्या मुलांना छान समजतं, पण एका भाषणात नाही. त्याला चार भेटी लागतात आणि त्या हंगामाशी बांधलेल्या असाव्या लागतात. पहिली भेट पीक निघाल्यावर, नांगरट आणि खत टाकण्याच्या आधी. मुलांनी आपापल्या शेतातून नमुना आणायचा. विहिरीजवळची, बांधालगतची, उकिरड्याची, झाडाखालची माती घ्यायची नाही. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करायचा, कडेची पातळ चकती काढायची, सगळी माती पाटीत मिसळायची. मग चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. दुसऱ्या भेटीत सामू म्हणजे काय ते वर्गात लिंबाच्या रसावर आणि चुन्याच्या निवळीवर दाखवायचं. हे विज्ञानाच्या शिक्षकाचं काम, इथे मी बाजूला बसतो. तिसऱ्या भेटीत प्रयोगशाळेतून आलेले अहवाल घेऊन मुलांनी ते घरी वाचून दाखवायचे. बापाने दरवर्षी डोळे झाकून डीएपीची जेवढी पोती टाकली, तेवढी लागत होती का, हा प्रश्न पोराने विचारला की घरात जे बोलणं होतं ते माझ्या दहा मेळाव्यांत होत नाही. चौथी भेट पेरणीनंतर, शेतावर.

यात तज्ज्ञ किती लागले? विज्ञानाचे शिक्षक, एक विस्तार अधिकारी किंवा कृषी सहायक, आणि अहवाल समजावायला गावातलाच कोणी कृषी पदविकाधारक. पदविका झालेली पोरं आता प्रत्येक गावात आहेत. नोकरी लागली नाही म्हणून त्यातली कित्येक नाराज बसून असतात. मीही पदविकेचाच माणूस, त्यामुळे त्यांची नाराजी मला समजते. त्यांना शाळेत बोलवा, पण आयतं राबवून घेऊ नका. चार भेटींचं काही मानधन ठरवा, थोडं का होईना. देणाऱ्याला नको असेल तर त्याने ते शाळेला परत करावं. मात्र ठरावात रक्कम लिहिलेली असावी.

मुदतही लिहा. गावात एका शैक्षणिक वर्षापेक्षा लांबचं बोलू नये. वर्ष संपलं की त्या माणसाला मोकळं करायचं, आणि त्याची इच्छा असेल तर नवा ठराव. 'तुम्ही आहातच की' असं म्हणून माणसाला गृहीत धरलं की तो दुसऱ्या वर्षी हळूच अंग काढून घेतो. कोणी अर्ध्यावर सोडून गेलं तर काम कोणाकडे जाईल, तेही त्याच कागदावर असावं. टिळक गेल्यावर गणिताला कर्वे मिळाले. आपल्याकडे एक सर गेले की प्रयोगाची पेटीच कुलूपबंद होते.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा इतिवृत्ताची वही मागून घ्या आणि मुख्याध्यापकांना एवढा ठराव लिहायला सांगा: माती परीक्षण, इयत्ता सातवी व आठवी, भेटी चार, पहिली भेट पीक काढणीनंतर, प्रवासखर्च व सामान यासाठी रुपये इतके, कोणत्या निधीतून, मानधन रुपये इतके, हिशेब कोण ठेवणार, मुदत चालू शैक्षणिक वर्ष. त्याखाली सूचक, अनुमोदक आणि सह्या. तज्ज्ञाचं नाव लिहिण्याआधी त्यांना घरी जाऊन विचारून या.